लेबल नसलेली रेकॉर्ड

“गाणं कधी सुरू होणार?” कायतानमामाने विचारलं.

“सुरूच आहे, मामा,” रॉक म्हणाला.

“हे? हा तर नुसता ठोका आहे. ठोका झाला की माणूस येतो ना गायला.”

“आता नाय येत.”

“का? त्याला काय झालं?”

मांडवात हशा पिकला. रॉकही हसला. मामाचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं.

मे महिना होता, १९८९. माझ्या नणंदेचं, ब्रिजेटचं, लग्न सकाळी गावच्या चर्चमध्ये लागलं होतं. बँडवाल्यांनी नवरा-नवरीला वाजतगाजत घरी आणून सोडलं, जेवणं उरकली, बँडवाले आपली पिपाण्या-तुताऱ्यांची ओझी घेऊन निघून गेले. मग चारच्या सुमारास केळीच्या वाडीला लागून घातलेल्या मांडवात माझ्या दिराने, रॉकने, आपला साउंड लावला. कायतानमामा म्हणजे माझ्या सासूचा थोरला भाऊ. गुडघ्यांत घुमट, म्हणजे कातड्याने तोंड बांधलेलं मडकं, धरून तो पहिल्या रांगेत बसला होता आणि त्याला काहीतरी वाजवण्यासारखं हवं होतं.

माझा नवरा बावतीस जहाजावर होता. बंदराला जहाज लागलं की तो धाकट्या भावासाठी रेकॉर्डी घ्यायचा. डिस्कोच्या दिवसांत आलेल्या एकेका रेकॉर्डमध्ये, रॉक सांगायचा, चाळीस-चाळीस माणसं वाजवत असत. व्हायोलिनं, ट्रंपेटं, मागे सूर धरणाऱ्या बायका. नंतर दर खेपेला माणसं कमी होत गेली. आधी व्हायोलिनवाले गेले, मग ट्रंपेटवाले, मग ड्रमवाल्याच्या जागी मशीन आलं, आणि शेवटी गाणाराही गेला. उरला तो ठोका आणि त्याच्या पोटात गुरगुरणारा बास.

“घर रिकामं होत चाललंय असं वाटतं,” मी एकदा म्हणाले होते.

“रिकामं नाय, वहिनी. नाचायला जागा केलीय.”

त्या काळी आमच्या भागात दोन साउंड चालत. एक रॉकचा, दुसरा सोपाऱ्याच्या एका माणसाचा. ज्याच्याकडे नवी रेकॉर्ड, लग्न त्याचं. सोपारकर आपला माणूस पाहुणा म्हणून घुसवायचा. तो नाचत नाचत टेबलापाशी यायचा, फिरत्या तबकडीवरचं नाव वाचायचा आणि महिन्याभरात तीच रेकॉर्ड सोपाऱ्यात वाजू लागायची. म्हणून नवी रेकॉर्ड आली की रॉक घंगाळात पाणी घेऊन बसायचा, मधलं लेबल भिजवून खरवडून काढायचा आणि मेणाच्या पेन्सिलीने तिथे आपला नंबर टाकायचा. पुढे पुढे तर तो स्वतःही लेबल वाचेनासा झाला. एका बारशाला दारू चढल्यावर त्याने एक नाव आपल्याच तोंडाने सोपारकराला सांगून टाकलं होतं. तेव्हापासून त्याचं मत असं की, मलाच ठाऊक नसलं तर मी सांगणार कुठून? आढ्याकडे बघत, आंधळ्यासारखा, तो लेबलं खरवडायचा.

“कोंबडी सोलतानाही माणूस खाली बघतो,” माझी सासू म्हणायची. तिला घरातले आणि गावातले सगळेच आय म्हणत.

बावतीस ८६च्या जुलैमध्ये गेला. जहाज कंपनीची तार आली. रॉटरडॅम बंदर सोडल्यावर हजेरीत सापडला नाही, समुद्रात पडला असावा. प्रेत मिळालं नाही. मला तेव्हा सातवा महिना होता. सप्टेंबरात मुलगी झाली. नाव आमचं ठरलेलं नव्हतं, कारण बावतीसला मुलगाच होणार याची खात्री होती. बाळंतपण अवघड गेलं. ज्या सिस्टरने मला त्यातून सोडवलं तिचंच नाव मी मुलीला ठेवलं. रोझारिया. आमच्या दोन्ही घराण्यांत तोवर हे नाव कोणाचं नव्हतं, गावातही नव्हतं.

पुढच्या वर्षी नाताळाच्या आधी पास्कू आला. हा बावतीसचा जहाजावरचा सोबती. त्याच्या खांद्यावर पत्र्याची पेटी होती.

“बावतीसचं सामान. रॉटरडॅमला एका दोस्ताकडे पडून होतं,” तो म्हणाला. पेटी त्याने आयच्या पुढ्यात ठेवली आणि चहा न घेताच निघून गेला.

पेटीत दोन शर्ट होते आणि सहा रेकॉर्डी. शर्ट मी घेतले, रेकॉर्डी रॉकने. त्या दिवशी तो आढ्याकडे बघत नव्हता. डोळे मिटून, रडत, त्याने लेबलं खरवडली. पण खरवडली.

त्यातली एक तबकडी त्याने लावली आणि अंगणातली कुत्री भुंकायला लागली. संथ, जड ठोका. मध्येच एका पुरुषाचा आवाज यायचा, इतका खोल आणि ओढलेला की शब्द फुटत नव्हते. विहिरीच्या तळाशी बसून कोणी जांभया देत प्रार्थना म्हणावी तसा. कोणी म्हणालं जर्मन आहे, कोणी म्हणालं आफ्रिकेतली कुठली तरी भाषा. लोकांनी त्या रेकॉर्डचं नाव ठेवलं ‘विहीर’.

विहिरीसारखी दुसरी रेकॉर्ड आमच्याकडे चालली नाही. डिस्कोवर पोरंच नाचायची. विहीर लागली की लाल लुगड्यातल्या म्हाताऱ्याही उठायच्या, कारण तो ठोका त्यांच्या मांडवातल्या जुन्या गाण्यांच्या चालीत चपखल बसायचा. कायतानमामा तर तिच्यावर घुमट धरू लागला. वर्षभरात असं झालं की विहीर वाजली नाही तर लग्न झाल्यासारखं वाटेना, आणि सोपारकराला ती काही मिळेना.

मीही नाचले होते, एका लग्नात. विधवेने नाचावं का, अशी बायकांत कुजबुज झाली. आय सगळ्यांसमोर म्हणाली, “नाचू दे फिलूला.” त्या आवाजात काहीतरी असं होतं की मला दमल्यावर भिंतीला टेकल्यासारखं वाटायचं. ब्रिजेट चिडवायची, “वहिनीचा विहिरीतल्या बाप्यावर जीव जडलाय.”

हीच आय दुसऱ्या एका बाबतीत मात्र दगड होती. नोव्हेंबरात मृतांचा दिवस आला की ती बावतीसच्या आत्म्यासाठी मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, सांगू द्यायची नाही. आणि माझ्या लग्नाचा विषय निघाला की उठून गुरांकडे जायची.

इनास तुस्कानो आमच्या वाडीतला पंप दुरुस्त करायचा. त्याची बायको लग्नानंतर दोन वर्षांत तापाने गेली होती, मूलबाळ नव्हतं. पंप वर्षातून दोनदा बिघडायचा आणि इनास महिन्यातून दोनदा यायचा. त्याने विचारलं, मी हो म्हणाले. फादरचं म्हणणं सरळ होतं. प्रेत नाही, तेव्हा बिशपकडून परवानगी आणायला हवी. त्यासाठी बावतीसच्या आईने बायबलवर हात ठेवून एवढंच सांगायचं की, तार आल्यापासून मुलाची काहीही खबर नाही. आय वर्षभर टाळत राहिली. “आईचं काळीज आहे,” गाव म्हणायचं. “आशा सुटत नाय.” शेवटी ती म्हणाली, “ब्रिजूचं लग्न पार पडू दे. सोमवारी येते.”

लग्न शनिवारी होतं. माझ्या आणि इनासच्या मध्ये एक रविवार उरला होता.

“हे बंद कर,” मामा रॉकला म्हणाला. “विहीर लाव.”

रॉकने विहीर लावली. मामाने घुमटावर थाप मारली, म्हाताऱ्या उठल्या, नवरीकडचा मांडव एका लयीत डुलायला लागला. इनासने रोझारियाला खांद्यावर घेतलं होतं. मी सरबताचे ग्लास फिरवत होते.

नवरदेवाचा चुलतभाऊ ग्लेन वांद्र्याहून आला होता. मानेवर रुळणारे केस, बाह्या दुमडलेला कोट. मुंबईत हॉटेलांमध्ये रेकॉर्डी लावायचं काम करतो असं दुपारपासून सगळ्यांना सांगून झालं होतं. तो टेबलापाशी येऊन उभा राहिला, थोडा वेळ ऐकलं आणि वाकून तबकडी बघू लागला. रॉकने तळहात आडवा धरला.

“लेबल नाय तिथं,” रॉक म्हणाला. “वाचायला काय नाय.”

“वाचत नाय, बॉस. चरे बघतोय. केवढे रुंद आहेत बघ. ही पंचेचाळीसच्या वेगाची रेकॉर्ड आहे. तू तेहतीसवर लावलीयस.”

“मोठी तबकडी तेहतीसवर चालते. छोटी पंचेचाळीसवर. दहा वर्षं हेच करतोय मी.”

“नाचाच्या मोठ्या तबकड्यापण पंचेचाळीसच्या येतात आता. आवाज जाडा मिळतो.”

“आमचा जाडाच आहे.”

“जाडा नाय, झोपलाय. हे हाउस आहे, बॉस. शिकागोत निघालं. डिस्को मेल्यावर पोरांनी एकेक मशीन घेतलं आणि घरात बसून बनवायला लागली. आता तिकडं सगळीकडं हेच.”

“हाउस म्हणजे?” मामाने हात थांबवून विचारलं.

“घर, अंकल.”

“मग घरात वाजवायचं ना. मांडवात कशाला?”

लोक हसले, पण या वेळी ग्लेनही हसला आणि त्यामुळे रॉक चिडला.

“उभी वसई नाचलीय याच्यावर,” तो म्हणाला. “चुकीच्या वेगावर कोण नाचेल?”

“तेच विचारतोय मी.”

आता नवरदेवाकडची मंडळी टेबलाभोवती जमली. कोणी शिट्टी मारली. कोणी म्हणालं, घाबरला काय. रॉकने आमच्या बाजूला पाहिलं. त्या रेकॉर्डवर त्याचं नाव उभं होतं, आणि बहिणीच्या सासरच्यांपुढे माघार घेणं बरं दिसलं नसतं. पांढरा झगा दोन्ही हातांनी उचलून ब्रिजेट स्वतः आली.

“लाव ना रे. बघू तर दे काय होतं ते.”

“काय नाय होणार. उंदरासारखं चिरकेल,” रॉक म्हणाला. त्याने सुई उचलली, बटण दाबलं आणि सुई पुन्हा पहिल्या चऱ्यावर ठेवली.

चिरकलं नाही. ठोका ताठ उभा राहिला. दीड वर्ष जे लोखंड घासल्यासारखं वाटायचं ती एक लहानशी घंटी निघाली. जो बास रांगत होता तो उड्या मारायला लागला. इतकं नीट बसलं सगळं, की वाद संपला हे कोणाला सांगावं लागलं नाही. पोरं नाचायला लागली. मामाने दोनदा प्रयत्न केला आणि घुमट खाली ठेवलं. “हातात येत नाय,” तो म्हणाला. ग्लेनने रॉकच्या पाठीवर थाप मारली. रॉक तबकडीकडे बघत राहिला, घरातल्याच माणसाने फसवल्यासारखा.

मग आवाज आला.

“वसई ठेसन, पापडी, गिरीज, भुईगाव, निर्मळ...”

जहाजावर जायच्या आधी बावतीस दोन वर्षं एसटीत कंडक्टर होता, याच रस्त्यावर. मांडवातली निम्मी माणसं त्याच्याकडून तिकीट फाडून घेऊन शाळा-बाजाराला गेली होती. गाडी भरली की तो दारात उभा राहून ओरडायचा आणि लोक हसायचे. ते ओरडणंही पुढे आलं, ठोक्यावर ठोका ठेवून.

“पुढे चला, पुढे चला, कोणी उतरायचं नाय.”

नाचणारे थांबले. एकदम नाही, पाणी तोडल्यावर पन्हाळीची धार तुटते तसे, मागून पुढे. कोणीतरी “बावतीस” म्हणालं, हाक मारल्यासारखं नाही, वाचल्यासारखं. ब्रिजेट झग्यासकट जमिनीवर बसली. एका म्हातारीने कपाळाला, छातीला हात लावून क्रूस केला, तिचं बघून दुसरीने केला. रॉकने टेबलाच्या दोन्ही कडा धरल्या होत्या. सुई उचलावी हे कोणाला सुचलं नाही.

माझ्या हातात ग्लासांचं ताट होतं. ते मी खाली ठेवलं की कोणी घेतलं, आजही आठवत नाही. एवढंच आठवतं की मी मनात शब्द जुळवत होते आणि ते जुळत नव्हते. मी ज्या आवाजावर नाचले होते, ज्याच्यावरून मला चिडवायचे, तो माझ्या नवऱ्याचा होता.

लोक रडायला लागले. ते रडणं वाईट नव्हतं. बहिणीच्या लग्नाला मेलेला भाऊ आला, देवाने आणला, असं कोणीतरी म्हणालंही. त्याने मरायच्या आधी कुठल्या तरी दोस्ताच्या खोलीत हे बोलून ठेवलं असणार आणि आम्ही करंट्यांनी त्याला इतके महिने विहिरीत ठेवलं.

“बंद कर,” आय म्हणाली.

ती मांडवाच्या दुसऱ्या टोकाला, विहीणबाईंजवळ बसली होती. तिथून उठून, खुर्च्या बाजूला सारत, ती टेबलाकडे येत होती. आयला घाईने चालताना मी तोवर पाहिलं नव्हतं.

“आय, दादा आहे,” रॉक म्हणाला. त्याचे गाल भिजले होते.

“कळलं मला. बंद कर.”

“ऐकू तरी दे.”

रेकॉर्डमधला ठोका तेवढ्यात एका श्वासापुरता तुटला. बावतीस हसला. ते हसणं मी कुठेही ओळखलं असतं.

“रोझारियाला सांगा,” तो म्हणाला. “रोझारियाला सांगा, तुजा पप्पा नाचतोय.”

ठोका परत सुरू झाला आणि मशीनने त्याचे शब्द कापून कापून पुन्हा पुन्हा म्हटले. पप्पा नाचतोय. पप्पा नाचतोय. पप्पा नाचतोय. आय टेबलाशी पोचली आणि तिने हाताच्या पाठीने सुई उडवली.

हिशेब कोणी मोठ्याने केला नाही. प्रत्येकाने आपल्यापुरता केला. बावतीस जुलैमध्ये बुडाला. रोझारिया सप्टेंबरात जन्मली.

“माझं नाव,” रोझारिया इनासच्या खांद्यावरून म्हणाली. “त्याने माझं नाव घेतलं.”

इनासने तिला खाली उतरवलं. अगदी हळू, जमिनीला पाय लागेपर्यंत धरून.

मी लोकांच्या तोंडाकडे बघत होते. सगळी तोंडं सारखी होती, उघडी, पांढरी. रॉक, ब्रिजेट, मामा, परका ग्लेनसुद्धा. एकाच चेहऱ्यावर धक्का नव्हता. आय सुईच्या दांडीवर हात ठेवून उभी होती आणि माझ्याकडे बघत नव्हती.

ती मागच्या दाराने स्वयंपाकघरात गेली. मी तिच्या मागे गेले.

“नाव त्याला कोणी कळवलं?”

“मी.”

“कसं?”

“पास्कूच्या हाती. तू बाळंतीण होतीस तेव्हाच पास्कू येऊन सांगून गेला होता. जहाज सोडून पळाला म्हणे, तिथंच राहिला. तिथं बाई आहे एक. पास्कूने त्याला विचारलं, फिलूला काय सांगू? तर म्हणाला, मेला म्हण. मोकळी होऊ दे तिला.”

“मग शपथ का नाय घेतलीस? मी मोकळी झाले असते.”

“खोटी? बायबलवर?”

“मग खरं तरी सांगायचं.”

तिने पातेल्यावर झाकण ठेवलं. ते नीट बसलेलं असतानाही पुन्हा उचलून ठेवलं.

“खरं सांगितलं असतं तर तू माहेरी गेली असतीस. शपथ घेतली असती तर इनासकडे. रोझूला घेऊन.” ती थांबली. “कुठूनही हिशेब केला तरी मीच एकटी राहते.”

मला तेव्हा कळलं. तो मेला असता तरी मी जाणार होते, जगला असता तरी जाणार होते. तो दोन्हींच्या मध्ये लटकत राहिला तरच मी आणि माझी मुलगी त्या घरात राहणार होतो. म्हणून तिने मिस्सा सांगू दिली नाही, आणि म्हणूनच मला नाचू दिलं. जिचा नवरा जिवंत आहे तिने नाचायला कोणाची हरकत असणार? जवळजवळ तीन वर्षं ही बाई एका अक्षराचं खोटं न बोलता मला बांधून बसली होती. मला तिला मारावंसं वाटलं. मी चुलीच्या कट्ट्याला धरून उभी राहिले.

बाहेर मांडवात मामाचा आवाज चढला.

“ऐका सगळे. रेकॉर्ड इंग्लिश होती.”

खुर्च्या सरकल्याचे आवाज आले.

“मी म्हातारा माणूस, मला इंग्लिश कळत नाय. कोणाला काय समजलं असेल तर सांगा. इथं सांगा, माझ्यासमोर. बाहेर जाऊन नाय.”

“मला नाय समजलं,” एक बाई म्हणाली.

“मला तर पहिल्यापासून जर्मन वाटायची.”

“मलापण काय कळलं नाय.”

एकामागून एक, पंगतीत वाढावं तसं ते मांडवभर फिरलं. विहीणबाईंनाही काही कळलं नव्हतं.

“पण अंकल,” ग्लेनचा आवाज आला.

“तू वांद्र्याचा ना?” मामाने विचारलं. “तुला मराठी समजतं?”

“नाय, अंकल,” ग्लेन म्हणाला.

स्वयंपाकघरात आय माझ्याकडे वळली. “ऐकलंस? आता कोण विचारत नाय. सोमवारी येते मी फादरकडे. ठेवते हात. नरकात जायला एक म्हातारी पुरे.”

त्या दिवशीचा सगळ्यात मोठा धक्का मला कशाचा बसला असं कोणी विचारलं तर मी याचं नाव घेईन. तीनशे माणसांनी, एकमेकांना न विचारता, माझ्यासाठी माझा नवरा दुसऱ्यांदा बुडवला होता.

इनास पंपाच्या हौदापाशी हात धूत होता. हातांना काही लागलेलं नव्हतं.

“तुम्ही काय ऐकलंत?” मी विचारलं.

त्याने हात पुन्हा पाण्यात घातले. सगळं ऐकलं म्हणेल की काहीच कळलं नाही म्हणेल, दोन्हीची मला भीती वाटत होती.

“त्याने तुझं नाव घेतलं नाय,” इनास म्हणाला. “तेवढं मी ऐकलं.”

वाडीत कोणी नव्हतं. मांडवात रॉकने कुठली तरी जुनी डिस्कोची रेकॉर्ड लावली होती, व्हायोलिनांची, माणसांनी भरलेली. तिच्यावर कोणी नाचत नव्हतं.

“सोमवारी आय शपथ घेईल,” मी म्हणाले.

“वाटलंच.”

“मी खरं सांगितलं तर फादर आपलं लग्न लावणार नाय. आज नाय, कधीच नाय. तो कधी मरेल ते आपल्याला कळणारसुद्धा नाय.”

“माहीत आहे.”

“आणि नाय सांगितलं तर?”

“तर लग्न होईल. घरात आपण तिघं राहू आणि तोपण राहील.” त्याने हात शर्टाला पुसले. “तू ठरव, फिलू. मी तुला हे कर म्हणणार नाय.”

“खरं सांगितलं तर तुम्ही काय कराल?”

“काय करणार. पंप बिघडत राहील.”

सोमवारी सकाळी आम्ही फादरकडे गेलो. आय, मी, आणि साक्षीला कायतानमामा. आयने लग्नातलंच लुगडं नेसलं होतं. टेबलावर बायबल होतं, काळ्या पुठ्ठ्याचं, कोपरे झिजलेलं. फादर वयाने लहान होते, नुकतेच या गावी आलेले. लग्नाच्या जेवणाला ते आले होते, पण साउंड लागायच्या आधी निघून गेले होते.

“शनिवारी मांडवात काहीतरी वाजलं म्हणतात,” ते म्हणाले.

“इंग्लिश रेकॉर्ड, फादर,” मामा म्हणाला. “रॉक लावतो तसल्या.”

“काल मिस्सेनंतर मी बऱ्याच जणांना विचारलं. सगळे हेच म्हणतात. अगदी याच शब्दांत.”

मामा खोकला. फादरांनी बायबल आयच्या बाजूला सरकवलं. आयने त्यावर उजवा हात ठेवला. शेणामातीत आणि केळीच्या चिकात काळा पडलेला तो हात मी रोज बघत होते.

“तार आल्यापासून तुमच्या मुलाची काही खबर, निरोप, कोणाच्या तोंडून, कोणत्याही मार्गाने?”

आयने तोंड उघडलं. ती खोटं बोलणार होती. माझ्यासाठी बोलणार होती, आणि ते बोलून झाल्यावर तिला देव उरला नसता, नातही उरली नसती. मी वाकले आणि तिचं मनगट धरून हात पुस्तकावरून उचलला. तो फार हलका होता.

“तिला नका विचारू,” मी म्हणाले. “मला विचारा.”

फादरांनी आमच्या तिघांकडे पाहिलं. मामाने डोळ्यांनी मला खुणावलं, नको, नको.

“बरं,” फादर म्हणाले. “तू सांग. ती रेकॉर्ड इंग्लिश होती? तुला काही समजलं नाही?”

आयचं मनगट अजून माझ्या हातात होतं.

“फादर,” मी म्हणाले, “मला मराठी कळतं.”